सर हंफ्री डेव्ही व त्याचा अभयदीप

दिवा लावला की अंधार पळतो आणि अंधाराबरोबर भीतीही पळते, हा आपला नित्याचा अनुभव. परंतु पृथ्वीच्या पोटात अशीही एक जागा होती, की जेथे दिवा लावणे म्हणजेच मृत्यूला हाक मारणे होते. दिव्यावाचून हात चालेना आणि दिवा न्यावा तर प्राणांवर बेतण्याचे भय, अशा पेचात इंग्लंडच्या उत्तरेकडील कोळशाच्या खाणींतले मजूर पिढ्यान्‌पिढ्या सापडले होते. तो पेच सोडविण्यासाठी झटलेल्या एका थोर रसायनशास्त्रज्ञाचे हे चरित्र आहे.

हंफ्री डेव्हीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी कॉर्नवॉल परगण्यातील पेन्झान्स या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील लाकडावर कोरीव काम करीत. पाच भावंडांत हंफ्री सर्वांत थोरला. शाळेत त्याची बुद्धी फारशी चमकली नाही. मात्र गोष्टी सांगून सवंगड्यांना खिळवून ठेवण्यात आणि कविता रचण्यात त्याचा हातखंडा होता. १७९४ मध्ये वडील वारले व कुटुंबाच्या वाट्याला कर्जच तेवढे आले. पुढच्याच वर्षी हंफ्री गावातल्या एका वैद्याकडे उमेदवारीस राहिला. औषधे खलता खलता त्याला रसायनाची गोडी लागली. माळ्यावर बसून मिळतील त्या बाटल्या, नळ्या आणि स्वयंपाकघरातली भांडी घेऊन त्याचे प्रयोग चालत. किनाऱ्यावर फुटलेल्या एका फ्रेंच जहाजावरील शल्यवैद्याची पिचकारी त्याच्या हाती आली आणि तिचा त्याने हवा काढण्याचा पंप केला, असे सांगतात. हा मुलगा एक दिवस घर उडवून देणार, अशी घरच्या वडीलधाऱ्यांना धास्ती वाटे. ती अगदीच अनाठायी नव्हती!

१७९८ मध्ये ब्रिस्टल येथील एका संस्थेत त्याला काम मिळाले. निरनिराळे वायू हुंगवून रोग बरे करता येतात काय, याचा शोध तेथे चालू होता. डेव्ही प्रत्येक वायू प्रथम स्वतः हुंगून पाही. हसविणाऱ्या वायूचे गुण त्याने तेथेच अभ्यासले आणि शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना शमविण्यास त्याचा उपयोग व्हावा, असे १८०० मध्ये लिहूनही ठेवले. ती सूचना अमलात यावयास आणखी चाळीसपेक्षा अधिक वर्षे लागली. एकदा विषारी कर्बवायू हुंगून तो मृत्यूच्या दारातून परत आला. अशा साहसाचे अनुकरण आपण कोणी करू नये, हे सांगावयास नकोच.

१८०१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनने त्याला बोलावून घेतले. त्याच्या व्याख्यानांना सरदार-दरकदारांपासून विद्यार्थ्यांपर्यंत एवढी गर्दी लोटे, की गाड्यांनी रस्ता तुंबून जाई. १८०७ मध्ये विजेच्या साह्याने त्याने पोटॅशियम व सोडियम हे धातू प्रथमच वेगळे करून दाखविले. पोटॅशियमचे चकाकणारे थेंब दिसताच तो आनंदाने प्रयोगशाळेत नाचू लागला. पुढच्या वर्षी कॅल्शियम, बेरियम, स्ट्राँशियम व मॅग्नेशियम यांचीही त्यांत भर पडली. त्यानंतर दोन हजार जोडपत्र्यांची एक प्रचंड विद्युत्‌घटमाला त्याच्यासाठी उभारण्यात आली. कोळशाच्या दोन कांड्या तिच्या टोकांना जोडून त्याने एकमेकींजवळ आणल्या, तेव्हा त्यांच्यामध्ये सूर्यासारखी डोळे दिपविणारी प्रकाशाची कमान उभी राहिली. तोपर्यंत माणसाने निर्माण केलेल्या दिव्यांत एवढा प्रखर दिवा दुसरा नव्हता. आणि तरीही ज्या दिव्याने डेव्हीचे नाव घरोघर पोहोचले, तो अगदी मंद, मिणमिणता होता!

त्या मंद दिव्याची हकीकत अशी. न्यूकॅसलजवळील फेलिंग येथील खाणीत २५ मे १८१२ रोजी भयंकर स्फोट झाला. ९२ माणसे मेली. खाणीतली दारे उघडझाप करण्यासाठी ठेवलेली कोवळी मुलेही त्यांत होती. आतली आग विझावी म्हणून खाणीची तोंडे बुजवावी लागली आणि प्रेते बाहेर काढण्यास आरंभ होईपर्यंत सहा आठवडे लोटले. तेथील धर्मोपदेशक जॉन हॉजसन याने ही हकीकत छापून प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे देशाचे लक्ष तिकडे गेले.

कोळशाच्या थरांत एक वायू कोंडलेला असतो. मजूर त्याला फायरडँप म्हणत. तो मुख्यतः मिथेन होय. कोळसा फोडला की हा वायू फटींतून सुसू करीत बाहेर येतो, हवेत मिसळतो आणि मेणबत्तीची ज्योत लागताच भडका उडतो. डेव्हीच्या गावाकडच्या खाणी कथिलाच्या व तांब्याच्या. तेथे या वायूचे संकट नव्हते. इकडे मात्र मजुरांनी नाना उपाय करून पाहिले होते. दातेरी पोलादी चाक गारगोटीवर फिरवून त्याच्या ठिणग्यांच्या उजेडात काम करीत. पण त्या ठिणग्यांनीही केव्हा केव्हा वायू पेटे. कुजलेल्या माशांच्या कातड्याच्या फिकट चकाकीवर काही ठिकाणी भागवीत. १८१३ मध्ये संडरलँडच्या डॉक्टर क्लॅनी याने भात्याने पाण्यातून हवा पुरविणारा एक दिवा केला. परंतु तो इतका अवजड होता, की अरुंद बोगद्यात सरपटणाऱ्या मजुराला त्याचा काय उपयोग?

त्याच वर्षी संडरलँड येथे खाणीतील अपघात टाळण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्या मंडळाच्या वतीने रॉबर्ट ग्रे या धर्मोपदेशकाने १८१५ च्या उन्हाळ्यात डेव्हीला पत्र लिहिले. डेव्ही तेव्हा स्कॉटलंडमध्ये विश्रांतीस गेला होता. परतताना ऑगस्ट महिन्यात तो न्यूकॅसलला उतरला, जॉन बडल या अनुभवी खाण-व्यवस्थापकाशी बोलला आणि वायूचे नमुने लंडनला पाठविण्याची व्यवस्था करून गेला. हॉजसनने ते बाटल्यांत भरून पाठविले.

डेव्हीने लगोलग दिवा बनविण्यास घेतले नाही. आधी तो शत्रूचा स्वभाव ओळखू लागला. मायकेल फॅरडे हा तरुण त्याचा साहाय्यक होता. दोघांनी वायू व हवा निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून पेटवून पाहिली. एका भागास सात-आठ भाग हवा असली, तर स्फोट सर्वांत जोराचा. हवा फारच कमी किंवा फारच जास्त असली, तर स्फोट नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडी कांबीनेसुद्धा हा वायू पेटत नाही. त्याला पेटविण्यास पुष्कळच अधिक उष्णता लागते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की अरुंद धातूच्या नळीतून स्फोटाची ज्योत पलीकडे जाऊच शकत नाही. ९ नोव्हेंबर १८१५ रोजी त्याने हे सारे रॉयल सोसायटीपुढे वाचून दाखविले. नळ्यांचा दिवा त्याने केला होताच; परंतु त्याचे मन तेथे थांबले नाही. नळ्या आखूड आखूड करीत गेले तर? शेवटी नळीची लांबी उरलीच नाही, केवळ छिद्रे उरली. म्हणजेच ती तारेची जाळी झाली! एका चौरस इंचात ७८४ छिद्रे असलेल्या बारीक जाळीचे, दोन इंचांहून रुंद नसलेले एक नळकांडे त्याने साध्या तेलाच्या दिव्याभोवती बसविले. भाता नाही, पाणी नाही, चाक नाही. कोणाही मजुराला एका हातात सहज नेता येईल असा तो दिवा तयार झाला.

यातील मर्म ज्यांना डोळ्यांनी पाहावयाचे असेल, त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली पाहावे. बर्नरच्या तोंडापासून दोन-तीन बोटे उंचीवर तारेची जाळी धरावी, वायू सोडावा आणि जाळीच्या वर काडी लावावी. ज्योत वरच जळत राहते, खाली उतरत नाही. जाळीच्या तारा ज्योतीची उष्णता शोषून चहूकडे पसरवितात आणि पलीकडचा वायू पेटण्याइतका तापतच नाही. डेव्हीच्या दिव्यात हाच खेळ उलट दिशेने चालतो. बाहेरचा वायू जाळीतून आत येतो व आतच जळतो. आग बाहेर पडत नाही. शिवाय वायू असला, की आतल्या ज्योतीवर निळसर टोपी चढते. म्हणजे जो दिवा पूर्वी काळ होता, तोच आता धोक्याची सूचना देऊ लागला.

९ जानेवारी १८१६ रोजी हेबर्न येथील खाणीत त्याची खरी परीक्षा झाली. हॉजसन दिवा घेऊन खाली उतरला. वायूने भरलेल्या एका कोपऱ्यात एक मजूर ठिणग्यांच्या उजेडात काम करीत होता व त्याला या प्रयोगाची कल्पना दिलेली नव्हती. उघडा दिवा घेऊन कोणी येत आहे असे वाटून तो दिवा विझविण्यासाठी जिवाच्या आकांताने ओरडू लागला; परंतु उजेड तर जवळ जवळ येत राहिला आणि काहीच घडले नाही, अशी कथा सांगतात. त्या क्षणी त्या माणसाच्या मनात काय उलथापालथ झाली असेल, याची कल्पनाच करावी.

बडलने डेव्हीला सुचविले, की या शोधाचे पेटंट घ्यावे. वर्षाला हजारो पौंडांची प्राप्ती होईल. डेव्हीने ते मानले नाही. दिवा कोणीही करावा, कोणीही वापरावा, अशी त्याने मोकळीक दिली. खाणमालकांनी १८१७ मध्ये त्याला चांदीच्या भांड्यांचा एक मोठा संच अर्पण केला आणि १८१८ मध्ये सरकारने त्याला बॅरोनेट केले.

येथवरचे चरित्र वाचताना मन प्रसन्न होते. परंतु त्याची दुसरी बाजू लपवून ठेवणे योग्य होणार नाही. किलिंगवर्थच्या खाणीतला यंत्रकारागीर जॉर्ज स्टीफन्सन, जो पुढे आगगाडीमुळे जगप्रसिद्ध झाला, त्यानेही त्याच सुमारास स्वतःच्या बुद्धीने एक दिवा तयार केला होता. २१ ऑक्टोबर १८१५ रोजी, म्हणजे डेव्हीचा निबंध वाचला जाण्यापूर्वीच, तो आपला दिवा हातात घेऊन जेथे वायू फुसफुसत होता त्या फटीपाशी स्वतः गेला होता. तो रसायनशास्त्र शिकलेला नव्हता; जिवावर उदार होऊन त्याने ती परीक्षा केली. लहानपणी शाळेत न गेलेल्या कारागिराला हे सुचले, यावर डेव्हीचा विश्वासच बसेना. आपला शोध चोरला गेला, असाच त्याने अखेरपर्यंत ग्रह करून घेतला. न्यूकॅसलच्या लोकांनी मात्र स्टीफन्सनला एक हजार पौंडांची थैली देऊन त्याचा मान राखला. स्वतः लाकूड कोरणाऱ्याच्या पोटी जन्मलेल्या डेव्हीने दुसऱ्या गरीब कारागिराविषयी असा अनुदारपणा दाखवावा, याचे वाईट वाटते. पुढे १८२४ मध्ये फॅरडेला रॉयल सोसायटीत घेण्यासही अध्यक्ष या नात्याने त्याने विरोध केला. तो मात्र कोणी जुमानला नाही.

आणि दिव्याचे काय झाले? १८३५ मध्ये पार्लमेंटच्या समितीने हिशेब मांडला. डरहॅम व नॉर्थंबरलँड या परगण्यांत १८१६ पूर्वीच्या अठरा वर्षांत अपघातांनी ४४७ माणसे मेली होती. नंतरच्या अठरा वर्षांत ५३८ मेली! हे वाचून प्रथम धक्काच बसतो. पण कारणे उघड आहेत. दिवा सुरक्षित आहे म्हणताच मालकांनी पूर्वी वायूमुळे सोडून दिलेले खोल भाग पुन्हा खणावयास काढले. हवा खेळती ठेवण्याचा खर्च मात्र वाढविला नाही. जाळी गंजे, ठेचे, एखादे छिद्र मोठे होई. हवेचा झोत जोराचा असला, तर ज्योत जाळीबाहेर ढकलली जाई. आणि जाळीमुळे उजेड इतका कमी पडे, की मजूर कंटाळून जाळी काढून काम करीत. ज्याला तुकड्यावर मजुरी मिळते, त्याला प्रकाश हीच भाकर असते. त्याला दोष तरी कसा द्यावा? पुढे इतरांनी काच, दुहेरी जाळी व आवरण घालून तो दिवा सुधारला. प्रकाशासाठी पुढे विजेचे दिवे आले आणि आज मजुराच्या टोपीवर एलईडीचा लहानसा परंतु लखलखीत दिवा असतो. तरी वायू ओळखण्यासाठी ज्योतीचा दिवा त्यांच्या सोबतीने पुष्कळ वर्षे टिकून राहिला.

डेव्हीची शेवटची वर्षे सुखाची गेली नाहीत. जहाजांच्या तळाचे तांबे समुद्राच्या पाण्याने झिजू नये म्हणून त्याने काढलेली युक्ती शास्त्रदृष्ट्या अचूक होती. पण न झिजणाऱ्या तांब्यावर शिंपल्यांची पुटे चढून जहाजेच मंदावली आणि त्याची थट्टा झाली. १८२६ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला व पुढच्या वर्षी त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद सोडले. हवापालटासाठी युरोपात हिंडत असता २९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे वयाच्या ५० व्या वर्षी त्याचा अंत झाला. तेथेच त्याला पुरण्यात आले.

खाणमालकांनी दिलेली चांदीची भांडी कालांतराने त्याच्या इच्छेप्रमाणे रॉयल सोसायटीकडे आली. ती विकून आलेल्या रकमेतून रसायनशास्त्रासाठी त्याच्या नावाचे पदक सुरू झाले. ते प्रथम १८७७ मध्ये बुन्सेन व किरखॉफ या दोन जर्मन शास्त्रज्ञांना मिळाले. ज्या बर्नरवर आपण तारेची जाळी धरून पाहतो, तो याच बुन्सेनच्या नावाचा.