मास्टरमोशाय

इंजिनिअरिंगला आल्यावर आपल्यापैकी किती जणांची चित्रकला फक्त ड्रॉईंग शीटवर उरली? सबमिशन, व्हायवा, केटी यातून वेळच मिळत नाही, हे आपलं ठरलेलं उत्तर. म्हणूनच आज अशा एका माणसाची ओळख करून देते, ज्याने जवळजवळ तीस वर्षं मुलांना कला शिकवली आणि तरी स्वतःचा ब्रश खाली ठेवला नाही. नंदलाल बोस.

त्यांचा जन्म 3 डिसेंबर 1882 चा, खरगपूरचा. आयआयटीचं खरगपूर नव्हे, बिहारच्या मुंगेर जिल्ह्यातलं! आई त्यांच्या लहानपणीच गेली. पुढे कलकत्त्यात शिकायला आले, पण कॉलेजच्या परीक्षेत नापास. कॉलेज बदललं, कॉमर्स घेऊन पाहिलं, तरी गाडी रुळावर येईना. शेवटी 1905 च्या सुमारास सरकारी आर्ट स्कूलमध्ये अवनींद्रनाथ टागोरांसारखे गुरू मिळाले आणि मुलाला त्याची लाईन सापडली. 1909-10 मध्ये लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूबरोबर ते अजिंठ्याला आले आणि तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती काढल्या. भिंतीवर चित्र काढायचं वेड त्यांना तिथून लागलं ते कायमचंच.

1922 मध्ये ते शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख झाले. मुलं त्यांना मास्टरमोशाय म्हणत. त्यांची शिकवायची पद्धत साधी होती. वर्गात बसून पुतळे गिरवायचे नाहीत. बाहेर जा, झाड बघा, बैल बघा, संथाळांची गावं बघा आणि मग काढा. सर स्वतःही काढत. खिशात कोरी कार्डं असायची. दिसेल ते त्यावर उतरवायचं आणि बऱ्याचदा तेच कार्ड एखाद्या विद्यार्थ्याला किंवा मित्राला पोस्टाने पाठवायचं. सराव सरांचा, उत्साह मुलांचा!

शिकवण्याचा वेळ वेगळा आणि स्वतःच्या चित्रांचा वेळ वेगळा, असं गणित त्यांनी मांडलंच नाही. मोठं काम आलं की विद्यार्थी सोबत. 1936 चं काँग्रेस अधिवेशन आपल्या खान्देशात, फैजपूरला झालं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन. गांधीजींनी सजावटीचं काम त्यांच्यावर सोपवलं. आपण चित्रकार, बांधकामातलं आपल्याला काय कळतं, म्हणून ते आधी कचरले. मग बांबू, चटया असं गावात मिळणारं सामान घेऊन त्यांनी ते नगर उभं केलं. 1938 मध्ये हरिपुऱ्याला तर चित्रांची रांगच लागली. नांगर धरणारा शेतकरी, ढोल वाजवणारा, भात कांडणाऱ्या बायका. मूळ चित्रं त्यांची, आणि त्यावरून नकला करायला हाताखाली मुलं. पुढे भारताच्या राज्यघटनेची हस्तलिखित प्रत सजवली, तीही विद्यार्थ्यांना घेऊनच.

पण मुलांना आपली कॉपी बनवणं त्यांना मान्य नव्हतं. ते स्वतः पाण्याच्या रंगांत आणि टेंपरात रमणारे, आणि त्यांचा विद्यार्थी रामकिंकर बैज तेलरंगाकडे आणि चक्क सिमेंट काँक्रीटच्या शिल्पांकडे वळला. रामकिंकरचं 'संथाळ कुटुंब' हे शिल्प कलाभवनाच्याच आवारात उभं राहिलं. सत्यजित राय 1940 मध्ये आले, कोर्स अर्धवट सोडून गेले आणि जगाला 'पथेर पांचाली' दिला. शिकवणं म्हणजे मुलाची नजर तयार करणं. ती कुठे वळवायची ते त्याचं तो ठरवतो.

1951 मध्ये ते निवृत्त झाले. 1954 मध्ये पद्मविभूषण मिळालं. 16 एप्रिल 1966 रोजी मास्टरमोशाय गेले.

आता आपलं बघा. मोठा कॅनव्हास, रिकामी सुट्टी, मूड... या सगळ्याची वाट बघत आपण चार वर्षं काढतो. कार्ड मात्र खिशात मावतं, आणि ते भरायला दोन लेक्चरमधला वेळसुद्धा पुरतो. काढलेलं कुणाला तरी द्या. कदाचित त्याचंही बंद पडलेलं काही पुन्हा सुरू होईल.