आजचं मनन : केपलर, त्याची आई आणि ईयोबाचे मित्र

आजचा शास्त्रभाग : ईयोब ४२:७-९ आणि लूक १३:१-५. वेळ मिळाला तर स्तोत्र १९ पण वाचा.



काही दिवसांपासून आपण ईयोबाचं पुस्तक वाचतोय आणि आज शेवटच्या अध्यायाला आलो. खरं सांगते, आजचं मनन लिहायला मला जड जातंय. मागच्या महिन्यात आमच्या तरुण संघातल्या एका ताईचं बाळ गेलं. जन्मल्यापासून अकरा दिवस काचेच्या पेटीत होतं, जंतुसंसर्ग झाला आणि गेलं. मी भेटायला गेले आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलून गेले की देवाला यातून तुला काहीतरी शिकवायचं असेल. ताई काहीच बोलली नाही. त्यानंतर ती प्रार्थनेला आलेली नाही.

त्याच आठवड्यात संघातल्या एका मुलाने विचारलं की बाळ जंतूंमुळे गेलं हे डॉक्टरांना कळतं, मग यात देव कुठे बसवायचा? आणि देव असेल तर त्याने हे होऊ का दिलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी एका माणसाचं चरित्र वाचतेय, तेच आज तुम्हाला सांगते. नाव तुम्ही शाळेत ऐकलंय. ग्रहांच्या गतीचे तीन नियम सांगणारा योहानेस केपलर. पण पुस्तकात नियम असतात, माणूस नसतो.

केपलरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ चा, जर्मनीतल्या वाइल डेर श्टाट या छोट्या गावातला. दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं अशक्त मूल. लहानपणी देवी आल्या, त्यात नजर कायमची अधू झाली आणि हातही नीट राहिले नाहीत. बाप भाडोत्री सैनिक. तो घर सोडून लढायांवर जायचा, आणि एकदा गेला तो परत आलाच नाही. आई काथारिना, जडीबुटीची औषधं देणारी, तोंडाने फटकळ बाई. १५७७ मध्ये आकाशात मोठा धूमकेतू दिसला तेव्हा याच आईने पाच वर्षांच्या योहानेसला उंच जागी नेऊन तो दाखवला. पुढे ज्याने आकाशाचा हिशोब मांडला, त्याला आकाशाकडे बघायला तिने शिकवलं.

त्याला व्हायचं होतं पाळक. ट्यूबिंगनच्या विद्यापीठात तो ईश्वरविज्ञान शिकत होता. तिथे मेस्टलिन नावाच्या शिक्षकाकडून कोपर्निकसचं मत कळलं की सूर्य मध्ये आहे आणि पृथ्वी त्याच्याभोवती फिरते. शिक्षण पूर्ण व्हायच्या आतच १५९४ मध्ये त्याला ग्राट्सच्या शाळेत गणित शिकवायला पाठवलं गेलं. त्याला ते आवडलं नव्हतं. सेवेचा मार्ग सुटला असं वाटलं. पण दोनेक वर्षांत त्याची खात्री पटली की आकाशाचा अभ्यास हीसुद्धा देवाची स्तुतीच आहे. देवाने जग विचारपूर्वक, मापून निर्माण केलं आणि माणसाला तो विचार समजण्याइतकी बुद्धी दिली, हे त्याने आयुष्यभर धरून ठेवलं. विज्ञानामुळे विश्वास कमी होईल ही भीती त्याला कधी शिवलीच नाही.

त्याचा विश्वास हलला असता तर तो दुसऱ्या कारणांनी.

१५९७ मध्ये बार्बराशी लग्न झालं. पहिली दोन्ही मुलं तान्हेपणीच गेली. ग्राट्समध्ये राज्यकर्ते कॅथलिक आणि हा लुथरन. मुलीला कॅथलिक विधीशिवाय पुरलं म्हणून त्याला दंड भरावा लागला. १६०० मध्ये हुकूम आला की धर्म बदला नाहीतर शहर सोडा. त्याने शहर सोडलं.

तो प्रागला टिको ब्राहेकडे गेला. दुर्बीण येण्याआधीच्या काळात ग्रहांची सर्वांत अचूक निरीक्षणं टिकोकडे होती. पुढच्याच वर्षी टिको वारला आणि केपलर सम्राट रुडॉल्फचा गणिती झाला. टिकोच्या नोंदींवरून मंगळाची कक्षा शोधायचं काम त्याने घेतलं होतं. तेव्हा सगळे मानत की ग्रह वर्तुळातच फिरणार, कारण वर्तुळ परिपूर्ण. केपलरने किती तरी पानं हिशोब करून एक आकृती बसवली. ती जवळजवळ बरोबर आली. फरक होता फक्त आठ कलांचा. एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक कला. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला साधारण तीस कलांएवढा दिसतो, म्हणजे हा फरक चंद्राच्या पाव भागाहून किंचित जास्त.

तुम्ही-आम्ही असतो तर म्हटलं असतं, चालतंय, बघणाऱ्याची चूक असेल. केपलरच्या मते टिकोसारखा निरीक्षक देवाच्या कृपेने मिळाला होता, मग त्याची नोंद दुर्लक्षून चालणार नव्हतं. त्याने आपलीच मेहनत बाजूला टाकली आणि पुन्हा सुरुवात केली. शेवटी कळलं की मंगळ लंबवर्तुळात फिरतो. १६०९ मध्ये ते पुस्तक छापून आलं आणि दोन हजार वर्षांची समजूत मोडली. सगळ्याच बाबतीत तो बरोबर होता असं नाही. पाच घनाकृतींमध्ये ग्रह बसवणारी त्याची लाडकी कल्पना चुकीचीच निघाली. पण जे दिसतंय त्याच्यापुढे वाकायचं, आपल्याला सोयीचं उत्तर त्याच्यावर लादायचं नाही, ही शिस्त त्याने मंगळाकडून घेतली.

ही शिस्त लक्षात ठेवा, कारण पुढे ती फार वेगळ्या ठिकाणी कामाला आली.

१६११ हे वर्ष त्याच्यासाठी भयंकर होतं. मुलांना देवी आल्या आणि सहा वर्षांचा लाडका फ्रीडरिख गेला. प्रागमध्ये सैन्य घुसलं, रस्त्यात लढाई झाली. मग आजाराने बार्बरा गेली. तो १६१२ मध्ये लिन्त्सला गेला, तर तिथल्या त्याच्याच लुथरन मंडळीत पाळकाने त्याला प्रभुभोजन नाकारलं. का? ख्रिस्ताचं शरीर सर्वत्र उपस्थित आहे या शिकवणीला बिनशर्त सही द्यायला त्याचं मन तयार नव्हतं. पटलेलं नाही त्यावर सही कशी करू, हा त्याचा प्रश्न होता. कॅथलिक झाला असता तर नोकरी, मान सगळं सोपं झालं असतं. तो झाला नाही. एकीकडे त्याच्या विश्वासामुळे घर सुटलं आणि दुसरीकडे त्याच विश्वासाच्या लोकांनी मेज बंद केली. मंडळीतल्या माणसांमुळे दुखावलेले तुम्ही कुणी हे वाचत असाल तर हा माणूस तुमच्यातलाच आहे.

आणि मग आईचं प्रकरण आलं. १६१५ मध्ये लेओनबेर्ग गावातल्या एका बाईने आरोप केला की काथारिनाने दिलेलं कडू पेय पिऊन मी कायमची आजारी पडले. ही चेटकीण आहे. एकीने म्हटलं की मग दुसऱ्यांनाही आठवायला लागतं. शाळामास्तर लंगडा झाला तो हिच्यामुळे. वाटेत ही शेजारून गेली आणि एका मुलीचा हात दुखायला लागला. कुणाची जनावरं मेली. त्याच गावात त्या काळात इतर बायकांना याच आरोपावरून मृत्युदंड झाला होता. ऑगस्ट १६२० मध्ये काथारिनाला मुलीच्या घरून रात्री कपड्यांच्या पेटीत घालून उचलून नेलं. सत्तरी ओलांडलेली बाई साखळदंडात. चौकशीत तिच्या डोळ्यांत पाणी येत नाही हासुद्धा पुरावा ठरला. तिचं म्हणणं होतं की आयुष्यात इतकं रडले की आता पाणीच उरलं नाही.

केपलर लिन्त्सहून निघाला आणि खटल्यासाठी तिकडे जाऊन राहिला. बचावाचं लांबलचक लेखी निवेदन तयार झालं, त्यातलं बरंचसं त्याच्या हातचं. मंगळाच्या बाबतीत केलं तेच त्याने इथे केलं. एकेक साक्ष घेतली, तारखा जुळवल्या, कुठे विसंगती आहे ते दाखवलं. मास्तर लंगडा झाला तो चर ओलांडताना उडी मारल्यामुळे. मुलीचा हात दुखला कारण ती विटांचं ओझं वाहत होती. आजारी बाईचं दुखणं जुनंच होतं आणि तिने आधी कसली कसली औषधं घेतली होती. चेटूक नसतंच असं तो म्हणाला नाही, तो त्याच्या काळाचाच माणूस होता. पण ही कारणं खोटी आहेत आणि या खोट्यासाठी एक जीव जाणार आहे, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

सप्टेंबर १६२१ मध्ये काथारिनाला छळाची हत्यारं दाखवून कबुली मागितली गेली. ती गुडघे टेकून प्रभूची प्रार्थना म्हणाली आणि खोटं कबूल करायला नकार दिला. पुढच्या महिन्यात ती सुटली. चौदा महिने कैदेत काढले होते. गावात परतणं धोक्याचं होतं. एप्रिल १६२२ मध्ये ती वारली.

मित्रांनो, इथे मी थांबले आणि ईयोबाचं पुस्तक पुन्हा उघडलं.

ईयोबाचे मित्र काय करत होते? दुःखाला कारण चिकटवत होते. तुझं असं झालं, म्हणजे तू तसं केलं असणार. हिशोब चंद्राच्या पाव भागाने चुकत होता, तरी त्यांनी आपलं वर्तुळ सोडलं नाही. आणि शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो या मित्रांवर, जे देवाची बाजू घेऊन बोलत होते. ओरडणाऱ्या, प्रश्न विचारणाऱ्या ईयोबाला तो आपला सेवक म्हणतो. लूक १३ मध्ये बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांबद्दल प्रभू येशूही तेच करतो. ते जास्त पापी होते म्हणून मेले, हे उत्तर तो मान्यच करत नाही.

लेओनबेर्गचे लोक दुष्ट होते असं म्हणून सुटता येत नाही. त्यांची मुलं आजारी पडत होती, जनावरं मरत होती, आणि त्यांना का याचं उत्तर हवं होतं. घाईने मिळालेलं उत्तर एका म्हातारीच्या गळ्याशी आलं. आपण हसू नये. चेटकीण ठरवून बायकांना मारणं थांबावं म्हणून आपल्या महाराष्ट्रात २०१३ मध्ये कायदा करावा लागला. आणि मी ताईला जे बोलले तेही त्याच जातीचं होतं, फक्त गोड शब्दांत.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाचं पहिलं अर्धं उत्तर मला आता सापडलंय. बाळ जंतूंमुळे गेलं हे कळणं देवाच्या विरोधात नाही. ते खरं आहे, आणि खरं देवाचंच असतं. त्यामुळे ताईच्या मनातलं एक खोटं ओझं उतरतं की माझ्या पापामुळे, माझ्या कमी विश्वासामुळे हे झालं. केपलरच्या आईला जाळण्यापासून वाचवलं ते अशाच साध्या, खऱ्या कारणांनी.

दुसरं अर्धं, देवाने होऊ का दिलं, ते केपलरलाही मिळालं नाही. फेब्रुवारी १६१८ मध्ये त्याची आणखी एक तान्ही मुलगी गेली. त्या दुःखात कोरड्या कोष्टकांचं काम त्याला जमेना, म्हणून तो विश्वातल्या सुसंवादाच्या पुस्तकाकडे वळला. त्याच वर्षी १५ मे ला तिसरा नियम पक्का झाला. ग्रहाच्या वर्षांचा वर्ग केला की सूर्यापासूनच्या अंतराचा घन येतो. गुरू पृथ्वीपेक्षा सुमारे ५.२ पट दूर, त्याला फेरीला साधारण ११.९ वर्षं लागतात. करून बघा, जुळतं. आणि आठच दिवसांनी प्रागमध्ये ठिणगी पडली आणि तीस वर्षांचं युद्ध सुरू झालं. एवढ्या सुंदर जुळणाऱ्या जगात एवढं न जुळणारं का, याचा नियम त्याने लिहिला नाही. मुलीच्या मृत्यूचं सूत्रही मांडलं नाही. ते पुस्तक त्याने प्रार्थनेने संपवलं.

१५ नोव्हेंबर १६३० ला रेगेन्सबुर्गमध्ये तापाने तो गेला. थकलेले पैसे मागायला गेला होता. थोड्याच वर्षांत युद्धात ती दफनभूमीच उद्ध्वस्त झाली, त्यामुळे आज त्याची कबर कुठे आहे ते दाखवता येत नाही. नियम राहिले, आकाश राहिलं.

ईयोबाच्या मित्रांनी एक गोष्ट मात्र बरोबर केली होती. दुसऱ्या अध्यायात ते सात दिवस त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले. बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

काल संध्याकाळी मी ताईकडे गेले. आधी माफी मागितली. मग आम्ही बराच वेळ काहीच न बोलता बसलो. निघताना तिने बाळाच्या झबल्यांची पिशवी दाखवली. मी एक शब्दही बोलले नाही.

आज तुमच्या ओळखीत कुणी असं असेल तर जा, फक्त बसा.

प्रार्थना : प्रभू, जे आम्हाला कळत नाही ते कळतं असं दाखवण्यापासून आमच्या जिभेला आवर. तुझं जग नीट बघायला डोळे दे आणि रडणाऱ्याजवळ बसायला धीर दे. आमेन.

उद्या स्तोत्र २२ वाचूया.