प्रयोगशाळेत वीज पाडणारा माणूस : चार्ल्स स्टाइनमेट्झ

वळवाच्या पावसात गावातला डीपी जळाला की आपण सरळ म्हणतो, तारेवर वीज पडली. पण पुष्कळदा ती तारेवर पडलेलीच नसते. शंभर मीटरवरच्या झाडावर पडते आणि तेवढ्यानेही ट्रान्सफॉर्मर जातो. हे का होतं, हे समजून घ्यायचं तर मी नेहमी एका माणसापासून सुरुवात करतो : चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ.

त्यांचा जन्म 9 एप्रिल 1865 चा, ब्रेस्लाऊ शहरातला. तेव्हा ते जर्मन राज्यात होतं, आज पोलंडमध्ये आहे. पाठीला जन्मजात कुबड आणि उंची अगदी कमी. वडील आणि आजोबांनाही कुबड होतं. ते पुढच्या पिढीत जाऊ नये म्हणून त्यांनी लग्न केलं नाही. गणितात मात्र डोकं विलक्षण चालायचं. विद्यापीठात असताना समाजवादी चळवळीत पडले आणि अटक होणार असं दिसल्यावर 1888 मध्ये झुरिचला निघून गेले. पुढच्याच वर्षी अमेरिका गाठली. खिशात पैसे नाहीत, इंग्रजी जेमतेम. न्यूयॉर्कजवळच्या एका कारखान्यात त्यांना काम मिळालं.

आधी गणित, मग वीज

1892 मध्ये त्यांनी लोखंडी गाभ्यात चुंबकत्व उलटसुलट होताना किती ऊर्जा वाया जाते, याचा नियम मांडला. त्यामुळे मोटर आणि ट्रान्सफॉर्मर बांधण्याआधीच त्यांतला हा तोटा मोजता येऊ लागला. मग एसी सर्किटची गणितं संमिश्र संख्यांनी सोडवायची पद्धत त्यांनी रूढ केली. इंजिनिअरिंगची मुलं आजही तीच वापरतात. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने तो कारखाना विकत घेतला आणि स्टाइनमेट्झ स्केनेक्टडीला आले. उरलेलं आयुष्य तिथेच गेलं. सहाय्यक जोसेफ हेडन यांना त्यांनी मुलगा मानून दत्तक घेतलं आणि त्यांच्याच कुटुंबात राहिले.

तोवर विजेच्या तारा शहराबाहेर पडून मैलोन्मैल जाऊ लागल्या होत्या. पावसाळी वादळ आलं की यंत्रं बंद. स्टाइनमेट्झ यांचं लक्ष गेलं ते क्षणभर उसळून विरणाऱ्या दाबांकडे. तारेत उठलेली लाट कशी पळते, टोकाला आपटून कशी परतते, याचं गणित त्यांनी 1909 च्या आपल्या ग्रंथात मांडलं.

तारेला न शिवता धक्का

इथे थोडं थांबून हिशेब करू. वीज पडते तेव्हा काही मायक्रोसेकंदात हजारो अँपिअर प्रवाह जमिनीत उतरतो. आजूबाजूचं विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र इतक्या झपाट्याने बदलतं की जवळच्या तारेत दाब तयार होतो. प्रवाह 30 हजार अँपिअर, तार 10 मीटर उंच आणि अंतर 100 मीटर धरलं, तर साधारण 115 किलोव्होल्ट येतात. आपली गावची लाईन 11 किलोव्होल्टची आणि तिच्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन बहुधा 75 ते 95 किलोव्होल्टचा झटका सोसेल एवढंच. त्यात लाट ट्रान्सफॉर्मरवर आपटली की जवळपास दुप्पट होते. मग काय राहणार!

आरशाचे तुकडे

1920 मध्ये मोहॉक नदीजवळच्या त्यांच्या लाकडी झोपडीवर वीज पडली. आत आरसा फुटला होता. त्यांनी तुकडे गोळा करून जागच्या जागी बसवले, दोन काचांमध्ये पक्के केले आणि वीज कुठून कशी गेली ते तपासत बसले. पण आभाळातली वीज सांगून येत नाही. मग ती हवी तेव्हा पाडायची सोय केली. 1922 मध्ये त्यांनी कंडेन्सरांचा मोठा संच चार्ज करून 1,20,000 व्होल्ट आणि 10,000 अँपिअरचा झटका काढून दाखवला, सेकंदाच्या लाखाव्या भागापुरता. लाकडाच्या चिरफळ्या उडाल्या, चिनी मातीचे इन्सुलेटर फुटले. एडिसनही तो प्रयोग बघायला आले होते. 26 ऑक्टोबर 1923 रोजी, वयाच्या 58 व्या वर्षी, स्टाइनमेट्झ गेले.

मला त्या आवाजापेक्षा मोठी वाटते ती सोय. अरेस्टर तारेवर चढवायचा आणि वादळाची वाट बघायची, हे संपलं. नमुना टेबलावर ठेवून मोजता येऊ लागला. पुढे 1930 च्या सुमाराला फोर्टेस्क्यू यांनी दाखवलं, की उंच, जास्त दाबाच्या लाईनींना खरा धोका थेट पडणाऱ्या विजेचा आहे. ते बरोबरच होतं. पण खालच्या वितरण लाईनींसाठी शेजारी पडलेल्या विजेचा धोका आजही तसाच आहे.

मग आपल्या डीपीचं काय?

आजचा झिंक ऑक्साइडचा अरेस्टर नेहमीच्या दाबाला जवळजवळ बंद असतो, दाब चढला की जमिनीकडे वाट उघडतो आणि लगेच मिटतो. पण तो ट्रान्सफॉर्मरला अगदी लागून हवा, त्याची अर्थिंगची तार आखूड आणि सरळ हवी, ती टाकीच्या बॉडीलाही जोडलेली हवी. लांब तारेचा प्रत्येक मीटर झटक्याच्या वेळी काही हजार व्होल्टची भर घालतो आणि ती भर ट्रान्सफॉर्मरला सोसावी लागते. अरेस्टर बसवलाय पण अर्थिंग तुटलेलं, असा खांब दिसला तर वायरमनला पावसाआधी सांगा. स्वतः हात लावू नका. डीपी गेला की पिठाची गिरणी थांबते, नळाला पाणी येत नाही, आणि दुसरा मिळेपर्यंत दिवस जातात.