मुंबई दंगलीत होरपळली होती, तेव्हा लोखंडेंनी भायखळ्याच्या राणीच्या बागेत सभा बोलावली

रविवारी भायखळ्याच्या राणीच्या बागेत पाय ठेवायला जागा नसते. पेंग्विन बघायला रांग, वाघाच्या काचेपुढे पोरांची ढकलाढकली. आता या गर्दीतल्या किती जणांना माहीत असेल की त्यांना ही रविवारची सुट्टी मिळवून देणारा माणूस एकदा याच बागेत हजारो लोकांना घेऊन आला होता? तेही फिरायला नाही, तर मुंबईत ऐंशीच्या आसपास मुडदे पडल्यानंतर.

त्यांचं नाव नारायण मेघाजी लोखंडे.

जन्म १८४८ चा, ठाण्याचा. मूळ गाव पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं कन्हेरसर. घर फुलमाळी समाजातलं आणि बेताचं. आधी रेल्वेत, मग पोस्टात नोकरी केली आणि पुढे मांडवीच्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. गिरणी कामगार पहाटे आत जातो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो, हे त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिलं. ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. १८८० मध्ये त्यांनी 'दीनबंधु' हे पत्र पुण्याहून मुंबईला आणून चालवायला घेतलं. १८८४ मध्ये कामगारांची सभा घेतली, साडेपाच हजार जणांच्या सह्यांचा अर्ज केला आणि मिलहँड्स असोसिएशन उभी केली. शेवटी १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

याच वर्षी त्यांच्या प्रेरणेने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. म्हणजे वस्तरा हातात होता, तो फक्त खाली ठेवला. लोखंडेंच्या लढायांची हीच पद्धत होती. अर्ज, सभा आणि हात आखडता घेणं.

पण १८९३ साली या पद्धतीची खरी परीक्षा झाली.

११ ऑगस्ट १८९३. शुक्रवार. काठेवाडातल्या प्रभासपाटणला मोहरमच्या वेळी दंगल झाली होती, गोरक्षणाच्या चळवळीवरून वातावरण आधीच तापलेलं होतं. जुम्मा मशिदीतली नमाज संपली आणि जवळच्या हनुमान गल्लीतल्या मंदिरापाशी ठिणगी पडली. दुसऱ्या दिवशी दंगल गिरणगावात पोचली. परळ, कामाठीपुरा, ग्रँट रोड, माझगाव सगळीकडे हाणामाऱ्या सुरू झाल्या. लोखंडेंसाठी सगळ्यात वाईट गोष्ट ही होती की रस्त्यावर उतरलेल्यांत गिरणी कामगारही होते. म्हणजे ज्यांच्या सह्या त्यांनी गोळा केल्या, तीच माणसं.

सरकारला लष्कर बोलवावं लागलं. दीड हजारांवर लोकांना अटक झाली.

आता जरा त्या काळातल्या एखाद्या चाळीत जाऊन बघा. दहा बाय दहाची खोली, त्यात आठ-दहा माणसं, खाली जमावाचा आरडाओरडा. घर कशाने राखायचं?

कायदा काय सांगत होता, तर भारतीय दंड संहितेची ९६ ते १०६ ही कलमं स्वसंरक्षणाचा हक्क देत होती. रात्री कोणी घर फोडून आत शिरलं किंवा राहत्या घराला आग लावली, तर त्याला रोखताना त्याचा जीव गेला तरी कायदा घरमालकाच्या बाजूने उभा राहत होता. पण बंदूक? ती ठेवायची तर परवाना हवा. व्हाइसरॉय लिटनच्या काळात १८७८ मध्ये आलेल्या शस्त्र कायद्याने ही व्यवस्था केली होती, आणि त्यातून युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांना मात्र सूट. गोऱ्याच्या बंगल्यात बंदूक असायला हरकत नाही, चाळीतल्या माणसाने काठीवर भागवायचं. या कायद्याचा राग सगळ्यांनाच होता. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात तो सैल करण्याची मागणी केली. टिळकांनी त्याच्यावर टीका केली. पुढे खुद्द गांधीजींनी, म्हणजे अहिंसेच्या सगळ्यात मोठ्या पुरस्कर्त्याने, सगळ्या देशाला निःशस्त्र करणं हे ब्रिटिशांच्या सर्वात काळ्या कृत्यांपैकी एक मानलं.

त्यामुळे आपलं रक्षण आपणच करायचं हा विचार तेव्हा काही माथेफिरूंचा नव्हता. टिळकांनी केसरीतून सरकारच्या पक्षपातावर बोट ठेवलं आणि मार खाणाऱ्याने प्रतिकार केला तर तो दोषी कसा, अशी भूमिका घेतली. पुण्यात या प्रश्नावर हिंदूंची सभा भरवायचं ठरलं, ते न्यायमूर्ती रानड्यांना पसंत नव्हतं. याच काळात सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला.

लोखंडेंनी दुसरा रस्ता धरला. त्यांनी एकाच धर्माची सभा घ्यायची नाही असं ठरवलं आणि हिंदू-मुसलमान दोघांनाही भायखळ्याच्या राणीच्या बागेत बोलावलं. त्यांचे चरित्रकार सांगतात की तिथे साठ हजारांच्या आसपास लोक जमले, त्यात बहुतेक कामगार होते. आकडा थोडा इकडेतिकडे धरला तरी काही दिवसांपूर्वी एकमेकांवर दगड फेकणारी माणसं एका मैदानात आणणं म्हणजे भलतंच धाडस. एक दगड भिरकावला गेला असता तरी सगळं उलटलं असतं.

जागाही मोक्याची होती. राणीची बाग १८६२ पासून लोकांसाठी खुली, कुठल्या देवळाची नाही की मशिदीची नाही. एका बाजूला परळ-लालबागची कोकणी-घाटी वस्ती, दुसऱ्या बाजूला मदनपुऱ्यातले मुसलमान विणकर. हे विणकर आणि मराठा कामगार एकाच गिरणीच्या भोंग्यावर कामाला जायचे. दंगलीत गिरणी बंद पडली की मजुरी दोघांचीही बुडायची. लोखंडेंनी ही गोष्ट वर्षानुवर्षं 'दीनबंधु'तून मांडली होती, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. बाहेरच्या कुठल्या साधूने येऊन शांततेचं प्रवचन दिलं असतं तर एवढी माणसं आली नसती.

पण एक अडचणीची गोष्ट सांगायलाच हवी. राणीच्या बागेतली सभा झाली ती लष्कराच्या बंदुकांनी रस्ते मोकळे केल्यावर. ११ ऑगस्टच्या दुपारी, जमाव दारात असताना, ती सभा कोणाच्याच कामाची नव्हती. ज्याची खोली त्या दिवशी लुटली गेली त्याने लोखंडेंना विचारलं असतं की मी काय करायला हवं होतं, तर सभेत त्याचं उत्तर नव्हतं. दुसरीकडे हेही खरं की प्रत्येक खोलीत बंदूक असती तर मेलेल्यांचा आकडा ऐंशीवर थांबला नसता. आठ-दहा माणसांच्या खोलीत भिंतीपलीकडे शत्रू नसतो, शेजारी असतो.

सरकारने लोखंडेंना रावबहादूर केलं, जस्टिस ऑफ द पीसही नेमलं. ज्या सरकारच्या फॅक्टरी कायद्यावर ते टीका करत होते त्याच सरकारकडून हा किताब आला. तो त्यांनी घेतला.

स्वतंत्र भारतात १८७८ चा कायदा गेला आणि १९५९ चा शस्त्र कायदा आला. गोऱ्यांची सूट संपली, परवाना मात्र राहिला. आजही मुंबईत घरात बंदूक ठेवायची तर पोलीस आयुक्तांकडे अर्ज करून जिवाला धोका असल्याचं पटवून द्यावं लागतं. स्वसंरक्षणाची ती जुनी कलमं आता भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ या क्रमांकांनी आहेत.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. ज्याला जमलं तो गावाकडे पळाला. लोखंडे थांबले, रुग्णांसाठी मराठा हॉस्पिटल उभं केलं, आणि तिथे राबता राबता त्यांनाच प्लेगने गाठलं. ९ फेब्रुवारी १८९७ ला ते गेले, तेव्हा पन्नाशीही पूर्ण झाली नव्हती. २००५ साली पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं, म्हणजे जिथे त्यांनी कधीकाळी नोकरी केली त्याच खात्याने.