न पडणाऱ्या विमानाचा ध्यास : ऑटोजायरो ते जायरोडाइन
१९१९ मध्ये स्पॅनिश अभियंता हुआन दे ला सिएर्व्हा यांचं तीन इंजिनांचं विमान चाचणीतच वेग मंदावल्याने कोसळलं. मग वेग घटला तरी न पडणारं विमान करायचं, हा ध्यास त्यांनी घेतला. त्यांच्या ऑटोजायरोचा रोटर भिरभिऱ्यासारखा वाऱ्यानेच फिरे. इंजिन फक्त नाकावरच्या पंख्याला. सुरुवातीची यंत्रं एका अंगावर कलंडत. पाती बिजागरीवर बसवली, तेव्हा कुठे जानेवारी १९२३ मध्ये उड्डाण जमलं. १९२८ मध्ये त्यांनी इंग्लिश खाडीही ओलांडली. दैव पाहा, १९३६ मध्ये क्रॉयडनहून धुक्यात निघालेलं साधं प्रवासी विमान कोसळून ते गेले. वय अवघं ४१. त्यांच्याच कंपनीतल्या जेम्स बेनेट यांनी पुढे फेअरी कंपनीत जायरोडाइन घडवलं: रोटरला हेलिकॉप्टरसारखी इंजिनाची ताकद, पुढे जायला ऑटोजायरोसारखा वेगळा पंखा. १९४८ मध्ये त्याने ताशी सुमारे २०० किमी वेगाचा विक्रम केला.