सात घड्याळं उघडणारी मुलगी आणि न मरणारी कोबोल

शहागंजचा घड्याळ टॉवर तुम्ही पाहिला असेलच. निजामाच्या काळातला. त्यातलं घड्याळ कित्येक वर्षं बंद होतं, स्मार्ट सिटीच्या कामात त्याची डागडुजी झाली. मोबाईलवर वेळ बघणाऱ्या आपल्या पिढीत असं चावीचं, दातेरी चाकांचं घड्याळ उघडून दुरुस्त करणारे किती जण सापडतील? कॉम्प्युटरच्या जगातही अगदी हीच अडचण आहे, आणि तिची गोष्टसुद्धा घड्याळांपासूनच सुरू होते.

ग्रेस हॉपर यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कमधला. सात वर्षांची असताना गजराचं घड्याळ चालतं कसं हे बघायला तिनं ते उघडलं. परत जोडता येईना, म्हणून दुसरं उघडलं. मग तिसरं. आईच्या लक्षात येईपर्यंत घरातली सात घड्याळं सुटी झाली होती! आईनं रागावण्याऐवजी एक घड्याळ तिला देऊन टाकलं आणि बाकीची वाचवली.

पुढे येल विद्यापीठातून १९३४ मध्ये गणितात पीएचडी, मग कॉलेजात प्राध्यापकी. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा त्यांना नौदलात जायचं होतं; वय जास्त, वजन कमी. तरी १९४३ मध्ये खास सवलत मिळवून त्या शिरल्याच. नेमणूक झाली हार्वर्डमध्ये, मार्क १ या ५१ फूट लांबीच्या गणनयंत्रावर. तिथं त्यांनी प्रोग्रॅम लिहिलेच, शिवाय त्या यंत्राचं ५०० हून जास्त पानांचं मॅन्युअलही तयार केलं. हे कंटाळवाणं काम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. (मशिनमध्ये अडकलेला पतंग त्यांनी पकडला आणि ‘बग’ शब्द आला, हा किस्सा मात्र अर्धाच खरा. १९४७ मध्ये मार्क २ मध्ये पतंग सापडला होता, पण तो शब्द आधीपासून वापरात होता.)

तेव्हा प्रोग्रॅम म्हणजे नुसते आकडे आणि खुणा. लिहिणारा सोडून दुसऱ्याला कळायची मारामार. हॉपरबाईंनी १९५२ मध्ये ए-० हा कंपायलर बनवला, नंतर इंग्रजी शब्दांत हुकूम देता येणारी फ्लो-मॅटिक भाषा. कॉम्प्युटरला इंग्रजी कळत नाही, असं त्यांना आधी सुनावलं गेलं होतं. १९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकारानं एक समिती बसली आणि फ्लो-मॅटिकच्या पायावर कोबोल ही भाषा उभी राहिली. कोबोल एकट्या हॉपरबाईंनी लिहिली नाही, पण पाया त्यांचा. त्यात पगारातून कर वजा करायचा तर जवळपास असंच लिहायचं: सबट्रॅक्ट टॅक्स फ्रॉम सॅलरी. हिशेबनिसालाही कळावं! १९६० च्या डिसेंबरात एकच कोबोल प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशिनवर चालवून दाखवला गेला. त्या काळी ही मोठीच गोष्ट.

मग बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती सगळे कोबोलवर गेले.

१९६६ च्या अखेरीस नौदलानं हॉपर यांना वयामुळे निवृत्त केलं. आणि वर्षभरातच, १९६७ मध्ये, सहा महिन्यांसाठी परत बोलावलं, कारण नौदलात ठिकठिकाणी कोबोलचे वेगवेगळे अवतार झाले होते आणि ते एका मापात आणायला माणूस हवा होता. ते सहा महिने जवळपास वीस वर्षं चालले. १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. जुनी सिस्टीम सांभाळायला निवृत्त माणसाला परत बोलवायचं, ही पद्धत पुढे जगभर दिसणार होती. १ जानेवारी १९९२ ला त्यांचं निधन झालं.

आठ वर्षांनी वायटूके आलं. जुन्या प्रोग्रॅममध्ये जागा वाचवायला वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले, त्यामुळे २००० आणि १९०० एकच दिसणार होतं. तेव्हा मुंबई-पुण्याच्या आयटी कंपन्यांतली कितीतरी मुलं कोबोल शिकून त्या ओळी तपासत बसली. अमेरिकेची दारं अनेकांना त्याच कामानं उघडली. ती पिढी आता पन्नाशीच्या पुढे आहे.

त्यानंतर नवीन मुलं जावा, पायथनकडे वळली. कोबोल शिकणं अवघड नाही, काही आठवड्यांत जमतं. अवघड आहे ते चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला एखादा नियम का लिहिला हे शोधणं. अमुक खात्याला व्याज वेगळं का? ते मॅन्युअलमध्ये नसतं, निवृत्त झालेल्या माणसाच्या डोक्यात असतं. मग सगळं नव्यानं का लिहीत नाहीत? कारण भीती. २०१८ मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेनं ग्राहकांची खाती नव्या सिस्टीमवर हलवली आणि लाखो लोकांना स्वतःचीच खाती उघडेनात.

एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या धामधुमीत, मराठी कुटुंबांनी गजबजलेल्या न्यूजर्सीत बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला. ते काम जुन्या मेनफ्रेमवर चालायचं. शेवटी गव्हर्नरनं पत्रकार परिषदेत जाहीर विनंती केली: कोबोल येणारे स्वयंसेवक हवेत.

हॉपरबाईंच्या ऑफिसात भिंतीवर एक घड्याळ होतं, उलटं फिरणारं. काटे डावीकडे जायचे, वेळ मात्र बरोबर दाखवायचं. आधीपासून असंच चालत आलंय, या सबबीचा त्यांना मनस्वी राग होता, म्हणून ते मुद्दाम लावलेलं. पहिल्या दिवशी लोक गोंधळायचे, दोन-तीन दिवसांत सरावायचे.