जड इलेक्ट्रॉनचे कोडे आणि डॉ. होमी भाभा

आपण भुईकोट किल्ल्याच्या तटावर उभे असा किंवा वर्गात बसलेले असा, आपल्या उघड्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक कण आरपार निघून जातो. छपरालाही तो जुमानत नाही. विश्वकिरण वरच्या वातावरणावर आदळले की जे कण जन्मतात, त्यांतला हा म्युऑन. त्याचा विद्युत्भार इलेक्ट्रॉनएवढाच, फिरकीही तीच. वस्तुमान मात्र सुमारे २०७ पट. आपल्या सोलापूरच्या भाषेत सांगायचे तर वीण तीच, नक्षी तीच, पण एक चादर हातात धरवते आणि दुसरी उचलायला माणसे बोलवावी लागतात! निसर्गाला हा दुसरा, जड इलेक्ट्रॉन कशासाठी लागला असावा? या प्रश्नाचे उत्तर आजही कोणाजवळ नाही. हे कोडे प्रथम जगापुढे आले तेव्हा त्याच्या अगदी निकट उभा असलेला एक तरुण आपल्या मुंबईचा होता. अणुभट्ट्या उभारणारे डॉ. होमी भाभा सर्वांना ठाऊक आहेत. मला त्यांच्या आयुष्याची ही दुसरी बाजू सांगावीशी वाटते.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुविद्य पारशी कुटुंबात झाला. वडील कायद्याचे पदवीधर, आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरात ग्रंथ होते, पाश्चात्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका होत्या, चित्रकलेचे शिक्षण होते. मुलाने इंजिनिअर व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात मोठ्या पदावर जावे, असे घरच्यांनी ठरवून टाकले होते. त्यासाठीच १९२७ साली त्यांना केंब्रिजला धाडण्यात आले.

पुढच्याच वर्षी, वयाच्या अठराव्या वर्षी, होमींनी वडिलांना पत्र लिहिले. इंजिनिअरची नोकरी आपल्या स्वभावाला मानवणारी नाही, पदार्थविज्ञान हाच आपला मार्ग आहे, तेच करू द्यावे, अशी त्यात कळकळीची विनवणी होती. ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात आले आहे, त्यांना असे पत्र लिहिणे म्हणजे काय ते चांगले कळेल. नोकरी ठरलेली, फीचे पैसे बापाचे, आणि मुलगा म्हणतो मला हे नको! वडिलांनी रागही धरला नाही आणि सरळ होकारही दिला नाही. आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग गणितासाठी आणखी राहा, अशी अट त्यांनी घातली. होमींनी १९३० साली इंजिनिअरिंगचा आणि १९३२ साली गणिताचा पहिला वर्ग मिळवून ती पुरी केली.

त्या काळी विश्वकिरणांच्या संशोधकांना एक पेच पडला होता. किरणांतील काही कण शिशाच्या थोड्याशा थराने अडत, तर काही शिशाच्या जाड भिंतीतूनही पार होत. १९३७ साली भाभा व हाइटलर यांनी पहिल्या प्रकाराचा उलगडा केला. वेगवान इलेक्ट्रॉन अणूजवळून जाताना किरण फेकतो, त्या किरणातून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची जोडी जन्मते, ती पुन्हा किरण फेकते. असा धबधबा वाढत जातो आणि मूळची ऊर्जा वाटली जाऊन संपते. मग आरपार जाणारे कण कोणते? असे किरण फेकण्याचे प्रमाण वस्तुमानाच्या वर्गानुसार घटते. तेव्हा हे कण इलेक्ट्रॉनपेक्षा जड, पण प्रोटॉनपेक्षा हलके असले पाहिजेत, असा निष्कर्ष निघत होता. अमेरिकेत अँडरसन व नेडरमेयर यांच्या छायाचित्रांत त्याच सुमारास तो कण दिसला.

भाभांनी १९३८ साली आणखी एक मार्मिक गोष्ट दाखवली. हा कण अल्पायुषी आहे. आज आपण जाणतो की स्थिर असताना तो सरासरी सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या २.२ पट जगतो. तेवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगानेही ७०० मीटरसुद्धा जाणे नाही. मग दहा-पंधरा किलोमीटर उंचीवरून तो जमिनीपर्यंत पोचतो कसा? आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताप्रमाणे वेगवान कणाचे घड्याळ आपल्याला मंद चाललेले दिसते, म्हणून त्याचे आयुष्य लांबते. तळहातावरचा तो कण या सिद्धांताचा साक्षीदारच म्हणायचा.

१९३९ साली भाभा सुटीवर मायदेशी आले आणि युद्ध पेटले. परतीचा मार्ग बंद झाला. ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. तेथे सर चंद्रशेखर व्यंकट रामन होते. १९४५ साली त्यांनी मूलकणांसाठी जी समीकरणे मांडली, त्यांत विलक्षण गोष्ट अशी की एकाच समीकरणातून एकाच कणाला वस्तुमानाच्या एकाहून अधिक किमती मिळत. एका उदाहरणात ते गुणोत्तर १ ला ३ येते. निसर्गातले आहे १ ला २०७, शिवाय त्या उदाहरणातली फिरकीही इलेक्ट्रॉनची नव्हे. म्हणजे म्युऑनचे कोडे काही सुटले नाही. पण वेगवेगळी वस्तुमाने म्हणजे एकाच वस्तूच्या वेगवेगळ्या अवस्था असू शकतील, ही वाट त्या गणितात होती आणि १९५२ मध्येही त्यांनी दोन वस्तुमानांच्या कणाचे समीकरण लिहिले.

तोवर त्यांच्या अंगावर किती कामे पडली होती! १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९४८ साली अणुऊर्जा आयोग, मग तुर्भे, १९५६ साली 'अप्सरा' ही अणुभट्टी. स्वतःचे गणित मागे पडत गेले. इतरांनी संशोधन करावे म्हणून त्यांनी आपले संशोधन खर्ची घातले. देशाचा त्यात लाभच झाला हे मान्य आहे. तरी ती वही अपुरी राहिली याची मला चुटपुट लागते. त्यांच्या संस्थेने मात्र कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर यंत्रे नेऊन म्युऑनचा पिच्छा पुरवला आणि १९६५ साली तेथेच वातावरणातल्या न्यूट्रिनोंची नोंद झाली. न्यूट्रिनोही तीन जातींचे असतात व वाटेत एका जातीचे दुसऱ्या जातीत बदलतात, हे १९९८ साली जपानमधील प्रयोगाने दाखवले.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला निघालेल्या भाभांचे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. त्यांचे वय ५६ होते.

इलेक्ट्रॉनचे तिसरे भावंड, टाऊ, १९७५ साली सापडले. सुमारे ३,४७७ पट जड. क्वार्कांच्याही अशाच तीन पिढ्या आहेत. १९८९ सालच्या जिनिव्हातील मोजणीने हलक्या न्यूट्रिनोंच्या जाती तीनच ठरल्या. कोणी म्हणतात हे कण आणखी बारीक घटकांचे बनलेले असावेत. कोणी म्हणतात अवकाशाला आणखी मिती असाव्यात. २०१२ साली हिग्ज कण सापडला. वस्तुमान कशामुळे येते ते त्याने सांगितले, पण ते इतकेच का हे नाही. १९८० च्या सुमारास कोइदे नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने एक साधे सूत्र दाखवले: तिन्ही वस्तुमानांच्या बेरजेला त्यांच्या वर्गमुळांच्या बेरजेच्या वर्गाने भागा, दोनतृतीयांश येते. मी कला शाखेतली. तरी १, २०७ आणि ३,४७७ हे आकडे घेऊन भागाकार करून पाहिला. ०.६६६ आले. का आले, ते कोइदेंच्या सूत्रातही नाही.